अश्वमारक आणि ब्रूनो

कण्हेर हे पुण्यातल्या बंगल्यांच्या कुंपणात, सोसायट्यांच्या बागांत आणि रस्त्यांच्या दुभाजकांवर सर्रास दिसणारे सदाहरित झुडूप आहे. त्याचे पान, फूल, शेंग, बी, साल, मूळ आणि चीक यांपैकी प्रत्येक भाग कुत्र्यासाठी विषारी असतो. येथे विषय संपायला हरकत नव्हती. परंतु पुण्यात झाड एकाचे असते, कुत्रा दुसऱ्याचा असतो आणि दोघांविषयीचे मत तिसऱ्याचे असते. त्यामुळे थोडे खोलात जावे लागते.

प्रथम कण्हेर कोणती, हे ठरवायला हवे. लिनियसने १७५३ साली जिचे नेरियम ओलिअँडर असे बारसे केले, ती ही कण्हेर. पाने लांबट, चामड्यासारखी जाड आणि फांदीवर बहुधा तीन-तीनच्या मंडळात. फुले पांढरी, गुलाबी किंवा लाल. कधी एकेरी, कधी भरगच्च दुहेरी. पिवळ्या घंटेसारखी फुले येतात ती पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, नात्याने चुलत बहीण आणि स्वभावाने तितकीच जहाल. तगर, चाफा, सदाफुली ही मंडळीही याच कुळातली. या कुळात पान तोडले की बहुतेकदा चीक येतो आणि चीक आला की हात आखडावा, हे शेळ्या राखणाऱ्या पोराला ठाऊक असते. सोसायटीच्या बाग उपसमितीला त्यासाठी परिपत्रक लागते.

कण्हेरीला पाणी बेताचे पुरते, भर ऊन चालते, मोटारींचा धूर चालतो आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. दुभाजकावरच्या नोकरीसाठी एवढी पात्रता असलेला दुसरा अर्जदार मिळणे कठीण. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यालगत ज्या रोपवाटिका आहेत, तिथून ती काळ्या पिशवीत बसून शहरात येते. विकणारा तिचा भाव सांगतो, रंग सांगतो, खत सांगतो. घरात कुत्रा आहे का, हे विचारण्याची पद्धत नाही.

जुन्या लोकांनी मात्र सूचना नावातच घालून ठेवली होती. संस्कृतात कण्हेरीला करवीर म्हणतात, तसेच अश्वमारक आणि हयमार असेही म्हणतात. पहिले नाव कोल्हापूरचेही आहे. उरलेल्या दोहोंना कोणत्याही शहराने हात लावलेला नाही. आयुर्वेदाने तिला सात उपविषांत बसवले आहे. रुई, निवडुंग, कळलावी, गुंज, अफू आणि धोतरा यांच्या पंगतीतली ती सातवी. औषधात घ्यायची तर आधी गाईच्या दुधात शिजवून शुद्ध करावी, असा दंडक आहे. म्हणजे घोडा मरतो हे माहीत होते आणि माणसाचे काय होते हेही माहीत होते. कुत्रा नावात आला नाही, याचा अर्थ तो वाचतो असा नव्हे. घोडा मेला की स्वाराला पायी घरी यावे लागे आणि कारण सांगावे लागे. कुत्र्याच्या बाबतीत तशी विचारपूस होत नसे. साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याने धन्याला वाघापासून वाचवले आणि त्याला पालखीचा मान मिळाला, अशी कथा सांगतात. साताऱ्याजवळ संगम माहुलीला त्याची समाधीही आहे. पण पालखी मिळालेला कुत्रा मराठी इतिहासात विरळा. आजच्या पुण्यात ब्रूनो नावाचा कुत्रा मोटारीत पुढच्या सीटवर बसतो आणि आजोबा मागे, तेव्हा कण्हेरीच्या नावात दुरुस्ती करायला हरकत नाही.

विषाचे काम असे चालते. कण्हेरीत ऑलिअँड्रिन आणि त्याचे काही भाऊबंद असतात. या रसायनांना हृदय-ग्लायकोसाइडे म्हणतात. शरीरातल्या पेशीच्या आवरणात एक पंप असतो. तो सोडियम बाहेर टाकतो आणि पोटॅशियम आत घेतो. हे रसायन नेमका तो पंप धरून बसते. सोसायटीचा पंप बंद पडल्यावर वरच्या मजल्यांवर काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला पुढचे समजावून सांगावे लागत नाही: जे आत हवे ते बाहेर साठते, जे बाहेर जायचे ते आत तुंबते, आणि कोणी कोणाला काय कळवायचे याचा मेळ राहत नाही. हृदयात हा मेळ म्हणजे ठोका. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली फॉक्सग्लव्ह या झाडावर पुस्तक लिहिले. त्या झाडाच्या एका जातभाईतून पुढे डिगॉक्सिन मिळाले, आणि कित्येक घरांत आजोबांच्या डबीत ती बारीक गोळी अजूनही असते. ऑलिअँड्रिन त्याच्या इतके जवळचे की रक्तातले डिगॉक्सिन मोजणारी तपासणी कित्येकदा त्यालाही डिगॉक्सिनच समजते. गोळी डॉक्टर मोजून देतात. ब्रूनो पाने मोजत नाही.

पाने पोटात गेल्यावर काही तासांतच लाळ गळू लागते, उलट्या आणि जुलाब होतात, कधी त्यात रक्त पडते. मग अशक्तपणा, थरथर, हृदयाचे ठोके मंद किंवा आडवेतिडवे, आणि कधी थेट मृत्यू. एवढ्या भागात विनोदाला जागा नाही.

मात्र कुत्रा कण्हेर खातो का, हा वेगळा प्रश्न आहे. कण्हेर कडूजहर असते. माणसाच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या सुमारे ९,००० कळ्या धरतात आणि कुत्र्याच्या जिभेवर सुमारे १,७००. तरीही कडू त्याला कळते. बहुतेक प्रौढ कुत्रे एखादे पान चावून टाकून देतात आणि पुढच्या खांबाकडे वळतात. या अर्थी कण्हेर मनाची सरळ आहे: नावात सांगते, चवीत सांगते. सांगून न कळणारे दोन वर्ग उरतात. पहिला पिल्लांचा. पिल्लाच्या लेखी जगाचे दोनच भाग असतात, गिळण्याचा आणि चावण्याचा, आणि चप्पल दोन्हींत मोडते. दुसरा वर्ग लॅब्रडॉरांचा. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली असे आढळले की साधारण चारांतल्या एका लॅब्रडॉरात पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि पोट भरल्याचा निरोप त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. लॅब्रडॉर पाळणाऱ्याला या शोधात नवल वाटत नाही. उरलेल्या तिघांना निरोप कधी पोहोचतो, एवढीच त्याची शंका असते.

कडू पान नाकारणारा कुत्रा कडू काठी मात्र आनंदाने तोंडात धरतो, कारण ती काठी त्याच्यासाठी कोणीतरी फेकलेली असते. छाटणी चालू असताना हाताला येईल ती फांदी भिरकावून ‘आण रे’ म्हणणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांचा स्वतःचा कुत्रा नसतो. कण्हेरीच्या काडीबद्दल एक जुनी दंतकथाही आहे. सैनिकांनी त्या काड्यांवर मांस भाजून खाल्ले आणि सगळे मेले. सैन्य कधी सिकंदराचे असते, कधी नेपोलियनचे. सेनापती सांगणाऱ्याच्या वाचनावर ठरतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी मग खरोखरच कण्हेरीच्या काड्यांवर हॉट डॉग भाजले आणि त्यांत उतरलेले ऑलिअँड्रिन मोजले. २००९ साली छापलेल्या त्यांच्या निबंधानुसार ते नगण्य होते. कण्हेर आणि डॉग यांच्या संबंधांवरचा हा सर्वांत दिलासा देणारा निष्कर्ष भलत्याच डॉगला लागू पडतो. जिवंत कुत्रा काडी भाजत नाही, चघळतो.

कण्हेर पोटात जाण्याची आणखी एक वाट आहे आणि ती बागेतून जात नाही, देवघरातून जाते. कण्हेरीचे फूल शंकराला चालते, गणपतीला चालते, देवीला चालते. दुसऱ्या दिवशी ते निर्माल्य होते आणि पिशवीत जाते. त्याच पिशवीत नैवेद्याच्या पेढ्याचा चुरा असतो, खोबऱ्याचा तुकडा असतो, पंचामृताने चिकट झालेली तुळस असते. पिशवी गेटबाहेर ठेवली की कुत्र्याला वास येतो तो पेढ्याचा. फुले पेढ्याच्या भावात गिळली जातात आणि जिभेला बोलायला वेळच मिळत नाही. दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. त्यांना चार वेद मानतात आणि ते निर्माल्याला तोंड लावत नाहीत. गल्लीतल्या चौघांची अशी ख्याती नाही. फुले ठेवलेल्या तांब्यातले पाणीही विषारी होते, तेव्हा ते कुत्र्याच्या भांड्यात ओतण्याची काटकसर करू नये.

उलट, पहाटे आकडी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची फुले तोडणारे सज्जन हे या विषयातले दुर्लक्षित रक्षक आहेत. त्यांच्यामुळे कण्हेरीचे फूल जमिनीवर पडतच नाही, मग ते पिल्लाच्या तोंडी कुठून लागणार? पुण्यातल्या पाट्यांनी आजवर त्यांचा फक्त अपमान केला आहे.

सोसायटीच्या सभेत कण्हेर येते ती ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात. कुत्रा असलेल्यांचे म्हणणे, झाड काढा. पूजेला फुले लागणाऱ्या काकूंचे म्हणणे, कुत्रा बांधा. झाड आधीपासून आहे. पार्किंगच्या भांडणात गेल्या वर्षी हरलेल्या गृहस्थांचे म्हणणे, दोन्ही नियमबाह्य आहेत. सचिव अशा वेळी तज्ज्ञ समिती नेमतात आणि समितीत वनस्पतिशास्त्र दहावीनंतर सोडलेली तीन माणसे येतात. तज्ज्ञ शहरात नाहीत असे नाही. वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे. गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. हेमा साने यांनी बुधवार पेठेतल्या घरात विजेविना, झाडे आणि प्राणी यांच्या संगतीत आयुष्य काढले. तिथे झाड आणि प्राणी यांच्या मध्ये समिती नव्हती. सभेत शेवटी ठराव होतो तो असा की कण्हेरीजवळ पाटी लावावी. पाटी कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असावी की माणसाच्या, यावर पुढची सभा होते.

सभा चालू असताना गेटच्या दोन्ही बाजूंना दोन कुंड्यांत सायकस उभा असतो. तो पामसारखा दिसतो, पण पाम नसतो. अतिशय प्राचीन, फुले न येणाऱ्या वनस्पतींपैकी तो एक. त्यात नर आणि मादी झाडे वेगळी असतात, आणि मादीला शेंदरी रंगाच्या, सुपारीहून मोठ्या बिया येतात. सायकॅसिन या विषामुळे कुत्र्याचे यकृत निकामी होते. एक-दोन बियाही जीव घ्यायला पुरतात. कण्हेरीसारखा कडू इशाराही तो नीट देत नाही, कुत्रे त्याच्या बिया आवडीने चावतात. सोसायटीत त्याच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही, कारण तो महाग असतो.

इतर शेजाऱ्यांचे थोडक्यात. बिट्टीच्या बीत विष सर्वांत जास्त असते, आणि त्या बिया घेऊन अंगणात खेळलेल्या पिढीला हे ऐकून आजही घाम फुटतो. घाणेरीची बाधा कुत्र्यापेक्षा गुराढोरांना अधिक. त्यांचे यकृत बिघडते आणि उन्हात कातडी सोलते. टेकड्यांवर वनखात्याने लावलेल्या गिरिपुष्पाला मराठीत उंदीरमारी म्हणतात, आणि ग्लिरिसिडिया या लॅटिन नावाचा अर्थही उंदीर मारणारी असाच निघतो. वेताळ टेकडीवर कुत्रा घेऊन फिरणारे वसंतात तिच्या गुलाबी फुलांचे फोटो काढतात. सदाफुलीचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ती खाल्ली तर कुत्र्याला बाधते. पण तिच्यातूनच विनक्रिस्टीन मिळते, आणि भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर एकमेकांपासून लागण होऊन ज्या गाठी येतात, त्यांवर पशुवैद्य आठवड्याला एकदा तेच शिरेतून देतात. गाठी विरघळतात. एकच झाड कुंडीत असताना आरोपी आणि सुईत असताना डॉक्टर.

मोगरा, जास्वंद, गुलाब ही मंडळी कुत्र्याच्या दृष्टीने निरुपद्रवी मानतात. त्यांच्या बुडाशी काय घातले आहे, ते मात्र पाहावे लागते. गुलाबवाल्यांचा बोनमीलवर भारी जीव, आणि बोनमील म्हणजे कुत्र्याच्या नाकाला जमिनीत पुरलेले जेवण. त्यात एरंडीची पेंड मिसळलेली असेल आणि ती कारखान्यात नीट तापवलेली नसेल, तर तिच्यात रायसिन हे जहाल विष उरते. एरवी पेंडीला नाक मुरडणारा कुत्रा हाडांच्या वासाने ती मूठभर खातो. पावसाळ्यात गोगलगायींसाठी ज्या निळसर-हिरव्या गोळ्या टाकतात, त्यांतल्या काहींत मेटाल्डिहाइड असते. गोगलगायीने यावे म्हणून त्या गोळ्यांत धान्याचा भुसा आणि गोडवा घालतात. गोगलगाय वेळ लावते, ब्रूनो लावत नाही. त्याला मग झटके येतात आणि नाव येते कण्हेरीवर, कारण बागेत बदनाम अशी तीच एक असते.

घरातही तीच तऱ्हा. सत्यनारायणाच्या दिवशी कण्हेरीची फुले कुत्र्यापासून कटाक्षाने उंच ठेवतात आणि प्रसादाचा शिरा त्याला प्रेमाने भरवतात, बेदाण्यांसह. बेदाणे आणि द्राक्षे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे बंद पाडतात. कोणत्या कुत्र्याला किती बाधतील याचा नेम नाही. यामागे द्राक्षांतले टार्टारिक आम्ल असावे, असा कयास अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी २०२१ साली मांडला. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असते, त्यामुळे संशयाची सुई आता चिंच-गुळाच्या आमटीपर्यंत येऊन ठेपली आहे. वाड्यांच्या दारात आमटी-पोळीवर वाढलेल्या कुत्र्यांच्या अनेक पिढ्या या संशयाविरुद्ध साक्ष देतील. आमटीत चिंच असते तरी किती? पण चिंचेचा गोळा पिळून टाकला असेल तर तो केराच्या डब्यात झाकून ठेवावा. डब्याचे झाकण उघडता येणारा कुत्रा असेल तर वरच्या फळीवर.

कुत्र्याने कण्हेर खाल्ली, किंवा खाल्ली असावी अशी शंका आली, तर घरगुती उपायांचा मोह टाळावा. दूध हा कण्हेरीवरचा उतारा नाही. आयुर्वेदातले दूध झाडासाठी होते, कुत्र्यासाठी नव्हे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, त्याने नवेच संकट उभे राहते. तूप, लिंबू, हळद आणि शेजारच्या काकांचा सल्ला यांपैकी काहीही न देता त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. सोबत झाडाची डहाळी न्यावी, कारण ‘ती गुलाबी फुलांची असते ना, ती’ या वर्णनात निम्मी बाग बसते. किती खाल्ले, किती वाजता खाल्ले, हे सांगावे. ‘तो असे कधी करत नाही’ हे सांगण्यात वेळ घालवू नये, डॉक्टरांनी ते ऐकलेले असते. वेळेत पोहोचल्यास डॉक्टर उलटी करवतात, पोटात सक्रिय कोळसा देतात, सलाईन लावतात, हृदयाचा आलेख आणि रक्तातले पोटॅशियम पाहतात, लय बिघडली असेल तर त्यावर औषधे देतात. डिगॉक्सिनवरचा प्रतिपिंडांचा उतारा कण्हेरीवरही चालतो, पण तो महागडा आहे आणि हाताशी असेलच असे नाही. रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे रात्र होण्याआधी माहीत असावे.

कण्हेर ठेवायची असेल तर ती कुत्र्याच्या वाटेपासून दूर, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला ठेवावी आणि गळलेली पाने रोज झाडावीत. वाळल्यावर पानाचा कडूपणा उतरतो, विष उतरत नाही. त्यामुळे हिरव्या झाडापेक्षा छाटणीचा वाळका ढीग अधिक धोक्याचा. छाटताना हातमोजे घालावेत. फांद्या जाळू नयेत, धूरही बाधतो. रस्त्यावर ढीग टाकून ठेवू नये. एम्प्रेस गार्डनच्या शेजारी रेसकोर्स आहे, लग्नसराईत वरातीचे घोडे पेठांतून फिरत असतात, आणि मूळ नावात दिलेला इशारा त्यांच्यासाठीच होता.

कण्हेर काढायचीच ठरली, तर त्या जागी जास्वंद लावण्याची प्रथा आहे. जास्वंद सुरक्षित असते. माळी खड्डा खणतो, तळाशी बोनमील घालतो, रोप लावतो, पाणी देतो आणि जातो. तिसऱ्या दिवशी ब्रूनो ते रोप मुळासकट उपसून बाजूला ठेवतो आणि तळापर्यंत पोहोचतो. मग तिथे फक्त खड्डा उरतो. पेंड मिसळलेली नसेल तर तोही कुत्र्यासाठी सुरक्षित असतो, आणि उन्हाळ्याच्या दुपारी त्यात झोपही चांगली लागते.